पदवी पाच वर्षांत केली तरी ती पदवीच

कपिलधारजवळच्या एका गावातून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून छापत नाही. वय एकतीस. बारावी कला शाखेतून पास होऊन तेरा वर्षं झाली. लग्न बारावीच्या निकालानंतर चार महिन्यांनी झालं. आज पदरी दोन मुलं आहेत, सासूबाई सोबत असतात, आणि पतीचं मांजरसुंब्याच्या चौकात पंक्चरचं दुकान आहे. त्या स्वतः अंगणवाडी सेविका आहेत. मुख्यसेविकेच्या जागेसाठी पदवी लागते हे त्यांना ठाऊक आहे, आणि आपल्यापेक्षा लहान मुली पदवीच्या जोरावर आपल्या वर येऊन बसणार हेही दिसतंय. भिशीचे अठरा हजार रुपये त्यांनी बाजूला ठेवले आहेत.

पत्राचं कारण वेगळंच आहे. बीडमधला एक माणूस त्यांना भेटला. पंचेचाळीस हजारांत एका वर्षात बी.ए.ची पदवी, पेपर लिहायची गरज नाही, अर्धे पैसे आत्ता आणि अर्धे गुणपत्रिका हातात आल्यावर, असं त्याचं बोलणं. पतीचं म्हणणं, उरलेले पैसे कुठून तरी उभे करू, पण एकदाचं होऊन जाऊ दे. या भगिनींना ते पटत नाही, पण तीन वर्षं कॉलेज करणंही आपल्याच्यानं होणार नाही असं वाटतं. मग करू काय, असा त्यांचा प्रश्न.

आधी त्या माणसाचं बोलू, कारण अशी माणसं फक्त बीडमध्ये नाहीत. पैसे देऊ नका. विसार म्हणून पाचशे रुपयेही नकोत. बारावीनंतरची पदवी एका वर्षात कुठलंच मान्यताप्राप्त विद्यापीठ देत नाही, साधारण तीन वर्षं लागतात. पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं फक्त विद्यापीठांना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. हाच आयोग बनावट विद्यापीठांची यादी दरवर्षी जाहीर करतो. त्या यादीत महाराष्ट्रातलं एक नाव वर्षानुवर्षं दिसतं, नागपूरची राजा अरेबिक युनिव्हर्सिटी. नाव ऐकून आपल्या घरातल्या कुणालाही वाटेल, ही तर आपल्यांचीच संस्था. तेवढ्यानं फसायला होतं. पाटीवर अरबी आहे, संस्कृत आहे की इंग्रजी, हे पाहू नका. आयोगाच्या यादीत ती कुठे बसते ते पाहा.

तपासायची पद्धत सोपी आहे. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला कोणत्या वर्षासाठी कोणता शिक्षणक्रम चालवायला परवानगी आहे, याची यादी असते. विद्यापीठाचं नाव यादीत असणं पुरेसं नाही, आपल्याला हवा तो शिक्षणक्रमही त्यात असला पाहिजे. २०२४ पासून तर दूरशिक्षणाला प्रवेश घेण्याआधी त्याच संकेतस्थळावर विद्यार्थ्याला स्वतःचा ‘डेब आयडी’ काढावा लागतो. जो माणूस म्हणतो की असलं काही लागत नाही, त्यानं स्वतःच आपल्याला उत्तर दिलेलं असतं. आणि दूरशिक्षणातून नर्सिंग, फार्मसी, वकिली किंवा इंजिनिअरिंगची पदवी मिळवून देतो म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा. हे विषय दूरशिक्षणातून शिकवायला आयोगाची मनाई आहे.

आता खऱ्या पदवीबद्दल. काम करणाऱ्या माणसानं शिकावं कसं, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत १९४६ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा तिथले वर्ग सकाळी भरवले, म्हणजे पोरांना दिवसा नोकरी करता यावी. आपल्या मराठवाड्याचं तर बोलायलाच नको. निजामी राजवटीत पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आलं आणि पदवी औरंगाबादपर्यंत पोचली. पुढे बीडमध्ये बलभीम, मिल्लिया अशी महाविद्यालयं उभी राहिली. पण ज्यांना रोज सकाळी बीडची एस.टी. धरता येत नाही, त्यांच्यासाठी दार उघडलं ते १९८९ साली, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं तेव्हा. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद त्या विद्यापीठाच्या पुस्तकांवर तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या चार वर्षं आधी, १९८५ साली, दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपण ज्याला इग्नू म्हणतो ते, स्थापन झालं होतं.

‘घरबसल्याची पदवी’ म्हणून नाक मुरडणारे आजही भेटतात. त्यांना सांगा, मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरावी, असं आयोगानं २०२२ साली पुन्हा एकदा लेखी जाहीर केलं आहे. लोकसेवा आयोगाची परीक्षा असो की मुख्यसेविकेची भरती, तिथे विचारतात ते एवढंच, की पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे का.

मग अडतं कुठे? आमच्या मते फीवर क्वचित अडतं. अडतं ते तासांवर, आणि तासांचा हिशेब कुणी मांडत नाही. प्रवेश घेताना सगळे विचारतात, फी किती. वेळ किती लागेल हे विचारणारा आम्हाला विरळाच भेटला. आणि अर्ध्यावर सुटलेल्या बहुतेकांना विचारलं, तर कारण निघतं वेळेचंच.

म्हणून तो हिशेब इथे मांडतो. पदवी आता श्रेयांकांत मोजतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तासांचा अभ्यास. पुस्तक वाचणं, टिपणं काढणं, स्वाध्याय लिहिणं, अभ्यासकेंद्रावरच्या तासाला जाणं, सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणजे पूर्ण पदवी तीन हजार सहाशे तासांची. तीन वर्षांत करायची तर वर्षाला बाराशे तास. वर्षाचे बावन्न आठवडे खरे, पण आपल्या घरात अभ्यासाला बावन्न आठवडे मिळत नाहीत. लग्नं, आजारपणं, मुलांच्या परीक्षा, पाहुणे, सण हे वजा केले की चाळीस उरतात. चाळीस आठवड्यांत बाराशे तास म्हणजे आठवड्याला तीस तास. अंगणवाडी, स्वयंपाक आणि दोन मुलं सांभाळून आठवड्याला तीस तास कुणालाच जमणार नाहीत. ‘माझ्याच्यानं होणार नाही’ असं या भगिनींना वाटतं, त्यात आळस नाही, त्यांचा अंदाज बरोबर आहे.

पण तीन वर्षांतच करा असा हुकूम कुणाचा नाही. इग्नूची तीन वर्षांची पदवी जास्तीत जास्त सहा वर्षांत पुरी करता येते. नाशिकच्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतही नोंदणी किती वर्षं टिकते ते दिलेलं असतं, आणि पुस्तिकेतलं ते पान फीच्या पानाआधी वाचावं. त्याच तीन हजार सहाशे तासांचे सहा भाग केले, तर चाळीस आठवड्यांच्या हिशेबानं आठवड्याला पंधरा तास होतात. पाच वर्षं धरली तर अठरा.

मग सहा वर्षंच का धरू नयेत? या भगिनींच्या बाबतीत आम्ही पाच म्हणतो, त्याला कारण आहे. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत कमाल वय सहसा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ असतं. त्या आज एकतीस वर्षांच्या आहेत. सहा वर्षांनी सदतीस. जाहिरात काही आपल्या सोयीनं निघत नाही, मध्ये दोन वर्षं कोरडीही जातात. पाच वर्षांत पदवी हातात आली तर दोन वर्षांची सवड उरते. ज्यांना नोकरीचा प्रश्न नाही, फक्त शिकायचं आहे, त्यांनी खुशाल सहा घ्यावीत.

वयाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तांबोळी, पिंजारी, बागवान, अत्तार अशा आपल्यातल्या अनेक बिरादरी महाराष्ट्रात इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत. पण घरात कुणी जातीचं प्रमाणपत्र काढलेलं नसतं, म्हणून मुलगी खुल्या प्रवर्गात अर्ज करते आणि पाच वर्षांची सवलत हातची घालवते. बाईची जात वडिलांकडून धरली जाते, त्यामुळे कागद माहेरचे लागतात. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, जुनी खासरापत्रकं, जन्म-मृत्यूच्या नोंदी कुठे आहेत ते भावांना आत्तापासून शोधायला सांगावं. अब्बा हयात असतील तर फारच बरं, कोणता कागद कुठल्या पेटीत आहे हे त्यांनाच माहीत असतं.

आता आठवड्याचे अठरा तास कुठून काढायचे? पत्रात दिनक्रम सविस्तर दिला आहे, त्यावरून आम्ही हे मांडतोय. फजरनंतर घर जागं होईपर्यंत सव्वा तास मिळतो. सातही दिवस धरले तर पावणेनऊ तास होतात. संध्याकाळी मुलं गृहपाठाला बसतात तेव्हा त्यांच्याच शेजारी पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. ते झाले पावणेचार. रविवारी अंगणवाडीला सुट्टी, त्या दिवशी दुपारपर्यंत पाच तास. बेरीज साडेसतरा. रात्री मुलं झोपल्यावर अभ्यास करेन असं त्यांनी लिहिलं आहे. तो वेळ आम्ही मुद्दाम धरलेला नाही. दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला रात्री दहानंतर जे वाचलं ते सकाळी आठवत नाही. रविवारचे पाच तास मात्र घरानं दिल्याशिवाय मिळणार नाहीत. ते बाईनं चोरून काढायचे नसतात. सासूबाई आणि पती यांच्याशी एकदा बसून ठरवायचे असतात.

हा झाला आठवडा. वर्षाचा हिशेब त्याहून महत्त्वाचा, आणि इथे कपिलधारचा उल्लेख करावाच लागतो. बालाघाटाच्या डोंगरातलं हे ठिकाण. मन्मथ स्वामींची समाधी आणि वरून कोसळणारा धबधबा. पावसाळ्यात धबधबा सुरू झाला की बीडपासून पलीकडच्या तालुक्यांपर्यंतची माणसं येतात. कार्तिक पौर्णिमेला तर दूरदूरहून पायी दिंड्या येतात. मांजरसुंब्याच्या चौकात गाड्या थांबतात, पंक्चरचं दुकान पहाटेपासून रात्रीपर्यंत चालतं, आणि यात्रेच्या चार दिवसांत यांच्या घरचीही चहाची टपरी लागते. वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा त्या दिवसांत येतो असं पत्रात आहे. कार्तिक पौर्णिमा बहुतेक नोव्हेंबरात येते. आणि डिसेंबरची परीक्षा द्यायची तर अर्ज भरण्याची आणि स्वाध्याय जमा करण्याची घाईही त्याच सुमारास असते. कमाईच्या तोंडावर स्वाध्यायाची मुदत आली की बाई कमाई निवडते, आणि ते चूक म्हणता येत नाही. त्यावर उपाय एवढाच, की स्वाध्याय सप्टेंबरातच लिहून संपवायचे. पण सप्टेंबर हा अंगणवाडीचा पोषण माह, तेव्हा कार्यक्रम, मोजमापं, नोंदी. मग ऑगस्ट. म्हणजे पुस्तकं जुलैत हातात पडायला हवीत, म्हणजे प्रवेश सुरू झाल्याबरोबर अर्ज भरायला हवा, शेवटच्या तारखेला नव्हे. असं मागून पुढे मोजत आलं की वर्ष आपोआप मांडलं जातं.

इग्नूच्या सत्रान्त परीक्षा वर्षातून दोनदा होतात, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. ज्या वर्षाची नोंदणी केली त्याचे सगळे पेपर एकाच वेळी द्यायलाच हवेत असं नाही. जे पेपर जमतील त्यांचाच परीक्षा-अर्ज भरायचा, बाकीचे पुढच्या खेपेला. आमचा सल्ला, या भगिनींनी मोठा भार जूनवर ठेवावा आणि डिसेंबरात एक किंवा दोनच पेपर घ्यावेत. ज्यांच्या घरची माणसं ऊसतोडीला जातात त्यांनी तर डिसेंबर सोडूनच द्यावा. दिवाळीच्या आसपास गेलेली टोळी कारखाना बंद झाल्यावर मार्च-एप्रिलात परतते. फडावर पुस्तक नेता येतं, पण पेपरच्या दिवशी सुट्टी आणि गाडी मिळणं मुकादमाच्या मर्जीवर. परीक्षा-अर्ज भरताना केंद्र निवडता येतं हे खरं, तरी जून महिना आपल्या गावातला असतो.

रमजानचाही विचार आत्ताच करून ठेवावा. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७ साली तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस मागेपुढे. परीक्षांना त्याचा अडथळा नाही. पण २०३० साली एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान येतील, एक जानेवारीच्या सुरुवातीला आणि दुसरा डिसेंबरच्या अखेरीस. पाच वर्षांची आखणी करणाऱ्याच्या शेवटच्या वर्षांत डिसेंबरची परीक्षा आणि रोजे जवळजवळ येऊन ठेपतील. पुढच्या काही वर्षांत रमजान बहुतांश डिसेंबरात येईल. रोजा धरून पेपर देता येतो, आपल्याकडच्या हजारो मुली दहावी-बारावीचे पेपर तसेच देतात. पण सहरी, इफ्तार आणि पन्नास पानांची उजळणी एकाच दिवशी एकट्या बाईवर पडू नये. म्हणून अवघड विषय आधीच्या वर्षांत संपवावेत.

पैशांचं फार बोलायला नको. मुक्त विद्यापीठातली बी.ए.ची वर्षाची फी काही हजारांत असते. नक्की आकडा त्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहावा. फीखेरीज परीक्षा-शुल्क, बीडला जाण्यायेण्याचं भाडं, झेरॉक्स, उशीर झाल्यास विलंब-शुल्क, नापास झालेल्या पेपरचं शुल्क पुन्हा. हे सगळं वर्षाकाठी फीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं असं धरून चालावं. तरीही एकदम पंचेचाळीस हजार उभे करण्याची वेळ येत नाही. भिशीचे अठरा हजार ही चांगली सुरुवात आहे, पुढे दरवर्षीची रक्कम यात्रेच्या कमाईतून बाजूला काढता येईल. आपल्या बऱ्याच घरांत व्याजाचं कर्ज नको असतं. या पदवीसाठी ते काढण्याची गरजच नाही. पुस्तकांचाही खर्च नाही म्हटलं तरी चालेल. ती फीमध्ये येतात, आणि इग्नूची बहुतेक पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर मोबाईलवर फुकट वाचता येतात. डोंगराच्या कुशीत नेटवर्क येत-जात असतं, तेव्हा बीडला गेल्यावर एकदाच उतरवून घ्यावीत.

कोणतं विद्यापीठ? भाषेवरून ठरवा. मराठीतून शिकलेल्यांनी नाशिक. त्यांची पुस्तकं मराठीत आणि स्वतः वाचून समजेल अशा बेतानं लिहिलेली असतात, अभ्यासकेंद्रंही जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत आहेत. यंदा बीडमध्ये कोणकोणती केंद्रं चालू आहेत ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच पाहा, केंद्रं बदलतात. हिंदी किंवा इंग्रजी वाचण्याची सवय असेल तर इग्नू. उर्दू माध्यमातून शिकलेल्यांसाठी हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची सुरुवातच दूरशिक्षणानं झाली होती. काही मदरशांच्या सनदाही ते प्रवेशासाठी मान्य करतं. घरात कुणी मदरशातून आलं असेल आणि पुढे शिकायचं असेल, तर त्यांच्या यादीत आपला मदरसा आहे का हे विचारावं. या भगिनी मराठी माध्यमाच्या, त्यामुळे नाशिक हेच आम्ही सुचवू. वर जून-डिसेंबरची मांडणी आम्ही इग्नूच्या वेळापत्रकावर केली, तशीच ती नाशिकच्या परीक्षांच्या महिन्यांवर बसवून घ्यायची. आणि पेपर मागे ठेवण्याचे नियम केंद्रावर नीट विचारून घ्यायचे.

विषय निवडताना मैत्रिणीनं काय घेतलं ते पाहू नका. अंगणवाडीत रोज जे करता त्याच्या जवळचं घ्या. समाजशास्त्र, गृहविज्ञान यांपैकी जे उपलब्ध असेल ते. दहा वर्षं बालकांचं वजन घेणाऱ्या, आयांशी बोलणाऱ्या बाईला त्या पुस्तकांतलं निम्मं आधीच ठाऊक असतं, फक्त त्याचं नाव माहीत नसतं.

आता कागदपत्रं. फी वेळेवर भरूनही या पायरीवर आपल्या बायका अडतात, आणि जास्त करून आपल्याच. मराठवाड्यात शाळेच्या दाखल्यावर आपली नावं एका खास पद्धतीनं लिहिलेली असतात. आधी ‘शेख’, मग मुलीचं नाव, पुन्हा ‘शेख’, मग वडिलांचं नाव. आधार कार्ड काढताना तेच नाव उलटं होतं, मुलीचं नाव, वडिलांचं नाव, शेवटी शेख. लग्नानंतर आधारवर पठाण किंवा सय्यद येतं. कुठे ‘बी’ लागते, कुठे ‘बेगम’, कुठे ‘परवीन’ गळून पडतं. इंग्रजीत शेख लिहिण्याच्या तर चार तऱ्हा. पूर्वी कारकून बघून सोडून द्यायचा. आता माणूस बघत नाही, यंत्र बघतं. श्रेयांकांची जी राष्ट्रीय पेढी २०२१ साली सुरू झाली, तिचं खातं आधारशी जोडलेलं असतं. डेब आयडीसाठी ते खातं लागतं, आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव त्याच्याशी जुळलं नाही तर अर्ज तिथेच थांबतो.

आमचं सांगणं असं. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव हेच खरं धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या. ते सोपं आणि स्वस्त पडतं. गुणपत्रिका बदलायला जाऊ नका. ज्यांना लग्नानंतरचंच नाव ठेवायचं आहे त्यांनी शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्यावी आणि त्या पानाच्या चार प्रती जपून ठेवाव्यात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं ना कायदा म्हणतो ना शरीयत. मुलीचं वडिलांचं नाव आयुष्यभर टिकवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती मोडून आपणच आपल्या मुलींची कागदपत्रं विस्कटून ठेवली आहेत. हे काम प्रवेश सुरू होण्याच्या तीन महिने आधी करायचं, कारण आधार केंद्रावरची एक फेरी कधीच पुरत नाही. सोबत मोबाईल नंबरही पाहा. आधारला जोडलेला नंबर पतीचा असेल तर प्रत्येक वेळी ओटीपीसाठी दुकानावर फोन करावा लागतो. आपला स्वतःचा नंबर जोडून घ्या.

ज्या वाचक भगिनींची बारावीच राहिली आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देता येते. नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिथे पाच विषय, पाच वर्षं आणि नऊ संधी मिळतात, एकेक विषय करत पुढे जाता येतं. बारावी न करता थेट पदवीकडे नेणारे पूर्वतयारीचे शिक्षणक्रमही आहेत. इग्नूचा तसा सहा महिन्यांचा आहे. पण तो बारावीच्या बरोबरीचा धरत नाहीत, आणि नोकरीच्या जाहिरातीत बारावी वेगळी मागितली की अडचण येते. सरकारी नोकरीचा विचार असेल तर आधी बारावीच करा.

आणि मध्येच सुटलं तर? नव्या शैक्षणिक धोरणानं इथे एक चांगली सोय केली आहे. पहिल्या वर्षाचे श्रेयांक पुरे झाल्यावर थांबलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक पेढीत सात वर्षांपर्यंत राहतात. बाळंतपण आलं, सासरे आजारी पडले, दुकान हललं, तरी केलेलं वाया जात नाही. प्रवेश घेताना निवडलेल्या शिक्षणक्रमाला ही सोय लागू आहे का, एवढं विचारून घ्यावं.

पतीसाठी वेगळं लिहा असं या भगिनींनी सांगितलंय, म्हणून हा शेवटचा परिच्छेद भाईसाहेबांसाठी. एकदाचं होऊन जाऊ दे, हा तुमचा आग्रह प्रेमापोटी आहे हे पत्रातूनच कळतं. पण त्या पंचेचाळीस हजारांच्या कागदावर नोकरी लागली आणि पडताळणीत तो खोटा निघाला, तर गुन्हा तुमच्या घरावर दाखल होईल, विकणाऱ्याचा फोन तोवर बंद असेल. आज हातात असलेलं अंगणवाडीचं मानधनही जाईल. त्यापेक्षा तुम्ही तीन गोष्टी करा. माहेरी फोन करून सासऱ्यांकडून जुने कागद मागवा. आधार केंद्रावर नंबर लावा. आणि रविवारी सकाळी दुकान उघडण्याआधी मुलांना आंघोळी घालून दुपारपर्यंत आपल्यासोबत चौकात घेऊन जा. मोठा आठ वर्षांचा आहे म्हणे. हवा भरायला त्याला नाहीतरी आवडतं.